जांभखडीचं पान

१

पान कापलेलं होतं, यात वादच नव्हता. शिवणीपाशी बोटभर रुंदीची एक पट्टी तेवढी उरली होती, नि तिच्या कडेवरून कुणीतरी सरळ पातं फिरवलं होतं.

"या घरात कापलं!" धुडकूबाबा ओट्यावर बसून ओरडत होते. "काल संध्याकाळी मी इथंच वाचून दाखवलं. रात्रभर वही तुमच्या देवघरात. आज सकाळी उघडतो, तर पान नाही. पान मिळेपर्यंत या घरचं पाणी पिणार नाही!"

धुडकूबाबा म्हणजे भाट. घराण्यांच्या वंशावळी लिहिलेली लांबोडकी वही लाल फडक्यात बांधून वर्षातून एकदा सुरतेत यायचे, यजमानांच्या घरी उतरायचे आणि त्यांच्या पूर्वजांची नावं वाचून दाखवायचे. अशा माणसानं दारात उपाशी बसणं म्हणजे पांडेसऱ्याच्या अख्ख्या गल्लीत बभ्रा. त्यातून घरात लग्न सहा दिवसांवर आलेलं.

सुषमाबाईंना बोलावणं गेलं ते यासाठीच. महापालिकेच्या मराठी शाळेत एकतीस वर्षं त्यांनी कारकुनी केली होती. पानं चिकटवलेली, तारखा खोडलेली, शाई बदललेली, अशी सगळ्या तऱ्हेची रजिस्टरं त्यांच्या हाताखालून गेलेली. शिवाय वडिलांनी हट्टानं शिकवल्यामुळं त्यांना मोडी वाचता यायची. घराचा मालक योगेंद्र पाटील, डाइंग मिलमधला सुपरवायझर, हा त्याच शाळेतला. अजूनही त्यांच्यापुढं उभा राहिला की हात मागं बांधायचा.

"बाई, माझं डोकं चालेनासं झालंय," तो म्हणाला. "हे लग्न मोडलं तर पोरगी जीव टाकेल."

"आधी मला नीट सांग, मोडतंय कशामुळं?"

योगेंद्रनं सांगितलं ते असं. त्याची मुलगी नूतन आणि बमरोलीचा गोपाल यांचं ठरलं, साखरपुडा झाला, पत्रिका छापल्या. पहिली पत्रिका गावदेवीला द्यायची पद्धत, म्हणून योगेंद्रनं ती जांभखडीच्या देवीला पाठवली. दोन दिवसांनी देवळातून पुजाऱ्याचा फोन आला. म्हणाला, "एकाच लग्नाच्या दोन पत्रिका कशाला पाठवल्या?" दुसरी पत्रिका मुलाकडची होती!

"पण त्यांचं गाव गुजरातेत ना? तुमचं नंदुरबार जिल्ह्यात."

"गाव एकच आहे, बाई. मधून ओढा जातो. राज्यं वेगळी झाली तेव्हा ओढ्याअलीकडचं महाराष्ट्रात राहिलं, पलीकडचं गुजरातेत गेलं. आम्ही आमचं गाव महाराष्ट्रातलं सांगतो, ते त्यांचं गुजरातेतलं. कुणाच्या डोक्यात यावं?"

"बरं, एक गाव. म्हणून काय झालं?"

योगेंद्रचा आवाज खाली गेला. "माझ्या आजोबांचं नाव उखा. गोपालच्या वडिलांच्या आजोबांचंही नाव उखा. दोघंही पाटील, दोघंही जांभखडीचे. तो उखा एकच असला, तर पोरं एका रक्ताची, भाऊबहीण झाली की!"

"देवक काय तुमचं?"

"पंचपालवी."

"त्यांचं?"

"पंचपालवीच. सुरतेत आल्यापासून सगळ्यांचंच पंचपालवी झालंय, बाई."

आणि ज्या पानानं याचा निकाल लागायचा, नेमकं तेच पान गेलं होतं.

२

सुषमाबाईंनी माणसं मोजली. संध्याकाळपासून सकाळपर्यंत घरात होते चौघं: योगेंद्र, त्याची म्हातारी आई सरलाबाई, नूतन आणि खुद्द धुडकूबाबा. सकाळी वही उघडताना पाचवा माणूस हजर होता. तो म्हणजे गोपालचे वडील पांडुरंगभाऊ. ते बमरोलीहून आले ते उंबऱ्यातच म्हणाले होते, "वाचलेलं नको. लिहिलेलं दाखवा, बोट ठेवून." त्यांच्यासमोरच वही उघडली नि बोंब झाली.

आधी त्या ओट्यावर गेल्या. धुडकूबाबा सत्तरीचे, उन्हात बसून घामेजलेले. कुडत्याच्या खिशातून तंबाखूची डबी आणि चष्म्याचं घर डोकावत होतं.

"बाबा, या पत्रिकेत लग्नाची वेळ काय दिलीय हो? माझ्या डोळ्यांना दिसत नाही," बाईंनी उगाच विचारलं. शाळेत पालकांना बोलतं करायची त्यांची ही जुनी युक्ती.

बाबांनी पत्रिका हातात घेतली, उलटसुलट केली नि परत दिली. "चष्मा घरी राहिला, बाई."

"बरं. वही कुणी उघडली असेल असं वाटतं?"

"उघडली तर आहेच! मी गाठ मारतो ती दोन फासांची. सकाळी एकच फास होता." हे बोलताना मात्र बाबांचा आवाज खणखणीत होता. "माझ्या आधी दोन लेकरं गेली म्हणून माझं नाव धुडकू ठेवलं, नको असल्यासारखं, म्हणजे यम फिरकणार नाही. जगलो, तो ही वही सांभाळायला जगलो. आणि आज हे बघायचं!"

बाईंनी वही मागून घेतली नि ओट्याच्या टोकाला बसून एकेक पान उलटलं. पानांवर शिवणीजवळ तेलाचा जुना डाग पडलेला होता. वरच्या पानावर तो बशीएवढा, मग दर पानाला गव्हाच्या दाण्याइतका कमी कमी होत गेलेला.

"हे तेल कशाचं, बाबा?"

"बापाच्या दहाव्याला दिवा लवंडला. एकोणीस वर्षं झाली त्याला."

बाईंनी मान डोलावली आणि वही फडक्यात गुंडाळली. गाठ मारताना त्या एकदम थबकल्या, वही पुन्हा सोडली, पट्टीच्या आधीचं पान बघितलं, नंतरचं बघितलं. मग कपाळाला हात लावून बसल्या. काहीतरी खटकलं होतं, पण काय ते धड हाती लागेना.

३

सरलाबाई स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या, म्हणजे नुसती हातात धरून बसल्या होत्या. शेजारणींनी सांगितलं होतं की म्हातारी पहाटे पाचलाच देवघर पुसत होती.

"पुसं मी," त्या अहिराणीत म्हणाल्या. "मांडव उना शे दारशी, देवघर पुसू नही का? मी पान नही काढं, देवनी शप्पथ!"

"तुमच्या सासऱ्यांच्या वडिलांचं नाव काय?"

"सासराले मी देखंच नही व माय. मना लगीनना पहिलेच ते गयात. आनि सासरानं नाव आमी कोठे लेवाना?" आणि एवढं बोलून त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

नूतन माडीवर होती. तिच्या पलंगावर एक ब्लेड पडलेलं बघून बाईंनी ते उचलून धरलं.

"अरे ना ना, बाई, मेंदीचे कोन कापायला आणलंय!" नूतन रडवेली झाली. "मीच कशाला कापू? मला तर ते पान हवंय. गोपालचे पप्पा तोंडानं सांगितलेलं मानत नाहीत. काल बाबांनी वाचलं ते मी मोबाइलवर घेतलंय, पण मला काही समजत नाही. उखा दोनदा येतं. पप्पा म्हणतात, बाबांनी तेच नाव परत म्हटलं. आजी म्हणते, बघा, एकच उखा. माझं डोकं फिरायला आलंय!"

"व्हिडिओ मला पाठव," बाई म्हणाल्या.

राहिला योगेंद्र. तो जिन्यातच सापडला. बाईंनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. तिसरीत असताना शाई सांडल्यावर बघायच्या तसं.

"गाठ मी सोडली," योगेंद्र भडाभडा बोलला. "पहाटे चारला. बाई, मनात पाप आलं. म्हटलं, एकच उखा निघाला तर पान फाडून टाकीन, पोरीचा संसार तरी होईल."

"मग फाडलंस?"

"कसं फाडणार? सगळी मोडी! कोणतं पान फाडायचं तेच कळेना. दहा मिनिटं नुसता बघत बसलो नि होती तशी बांधून ठेवली."

बाईंना हसू आलं आणि त्याच्या पोटातली माया बघून वाईटही वाटलं. पण उजेड काही पडला नाही. दुपारी त्या रिक्षा करून बमरोलीला गेल्या.

पांडुरंगभाऊंचं घर मिलच्या भिंतीला लागून. भाऊ चांगले माणूस, पण हट्टी. "बाई, मला काय हौस आहे लग्न मोडायची? पोरगा दोन दिवस जेवला नाही. पण उद्या लोकांनी म्हणायचं, भावाबहिणीचं लावलंत, तर तोंड कुठं लपवू? मला लिहिलेलं दाखवा."

बाईंनी खुर्ची ओढली तर मागच्या कपाटावरून काळ्या घोंगडीचा एक जुनाट तुकडा खाली सरकला. त्या उचलायला वाकल्या.

"राहू द्या, राहू द्या!" भाऊंनी घाईनं तो स्वतः उचलला, झटकला, परत घडी केली. "घरात मूल जन्मलं की पहिल्यांदा याच्यावर ठेवतात. गोपाललाही ठेवला होता."

"का हो?"

"ते ठाऊक नाही. आजोबांपासून चालत आलंय. बाहेर आम्ही कुणाला सांगत नाही, लोक हसतात."

परत येताना रिक्षात बाईंनी मोबाइल काढला. धुडकूबाबा मांडी घालून बसलेले, मांडीवर वही, ओळीवरून बोट फिरतंय, तोंडानं नावं झरझर चाललीत: जांभखडी, ओढ्याअलीकडं, अमक्याचा तमका. बाईंनी चित्र थांबवलं, मोठं केलं आणि बोटाखालच्या पानावरचा मोडी मथळा वाचला.

मथळा जांभखडीचा नव्हता. दुसऱ्याच गावाचा होता.

४

"बाबा, थोडं बाजूला या," सुषमाबाई म्हणाल्या. गल्लीच्या टोकाला वडाखाली बाक होता. तिथं कुणी नव्हतं.

"तुम्ही यजमान आहात का? नाही. मग मी—"

"ऐकून घ्या. तेल वरून खाली झिरपतं. प्रत्येक कागद थोडं पितो, म्हणून डाग प्रत्येक पानाला दाण्याएवढा लहान होतो. मी मोजलंय. कापलेल्या पानाच्या आधीचा डाग आणि नंतरचा डाग यांतही एकाच दाण्याचा फरक आहे. मध्ये आणखी एक पान असतं, तर दोन दाण्यांचा पडला असता. म्हणजे दिवा लवंडला तेव्हाच हे पान वहीत नव्हतं. एकोणीस वर्षांपूर्वीच! या घरातल्या कुणी ते काल कापलेलं नाही."

धुडकूबाबांनी तंबाखूची डबी काढली नि तशीच परत खिशात ठेवली.

"आता माझा गोंधळ झाला तो इथं. पान नव्हतंच, तर काल तुम्ही वाचलंत काय? सगळ्यांनी कानांनी ऐकलं. मग नूतनच्या मोबाइलवर बघितलं. तुमचं बोट होतं परगावच्या पानावर आणि तोंडात जांभखडी." बाईंनी आवाज अगदी मऊ केला. "आणि चष्मा तुमच्या खिशात होता, बाबा. घरी राहिला नव्हता. तुम्हाला वाचता येत नाही."

म्हातारा रडायला लागला. मोठ्यानं नाही, नुसते खांदे हलत होते. बाईंना स्वतःची शरम वाटली. पण सहा दिवस म्हणजे काही फार नव्हते.

"एक अक्षर येत नाही," शेवटी तो म्हणाला. "बापानं मारून मारून पाठ करून घेतलं. साठ साली राज्यं वेगळी झाली, तसे बाप आणि चुलताही वेगळे झाले. यजमान वाटले. इकडची गावं बापाला, तिकडची चुलत्याला. पण जांभखडी? सरकारनं गावाचे दोन तुकडे केले. पान तर एकच! दोघं भांडले. शेवटी चुलता म्हणाला, पान मी नेतो, पाठ तू ठेव. बापानं स्वतःच्या हातानं पान कापून दिलं. मी पाच वर्षांचा होतो, बघत होतो."

"मग सकाळी खरं का नाही सांगितलंत?"

"पांडुरंगभाऊ म्हणाले, बोट ठेवून दाखवा. काय दाखवू? त्यांचं घर तर ओढ्यापलीकडचं. माझं नव्हतंच ते, चुलतभावाचं; तो वारल्यापासून तिथं कुणीच जात नाही. भाट असून वाचता येत नाही, पान नाही, यजमान आपला नाही... आणि तेवढ्यात गाठ एकफासी दिसली. तोंडातून निघून गेलं, पान कापलं म्हणून. एकदा निघालं ते परत कसं गिळू, बाई?"

"चुलतभावाच्या घरी कोण आहे?"

"बायको. कविता. चलथाणला साखर कारखान्यापाशी राहते. आमच्यात बोलणं नाही. साठ वर्षं."

बाई उठल्या. "उद्या सकाळी चलथाणला जायचं. पांडुरंगभाऊंनाही घेऊन."

"मला सगळ्यांच्या देखत वाचायला सांगतील हो!" म्हातारा म्हणाला.

"सांगतील," बाई म्हणाल्या. पुढं काय करायचं ते त्यांनाही त्या घटकेला कळत नव्हतं.

५

गाळप जोरात होतं. चलथाणच्या हवेला मळीचा वास चिकटला होता आणि उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडवला होता. गाडीत योगेंद्र, नूतन, पांडुरंगभाऊ, धुडकूबाबा आणि सुषमाबाई. पान भाऊबंदकीत चलथाणला गेलंय, एवढंच बाईंनी सगळ्यांना सांगितलं होतं. गोपाल मोटारसायकलवरून मागोमाग आला होता, त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

कविताबाईंनी दार उघडलं, धुडकूबाबांना बघितलं आणि दाराची कडी हातात धरूनच उभ्या राहिल्या.

"वहिनी, जांभखडीचं पान बघायचंय," बाबा खाली मान घालून म्हणाले. "न्यायला नाही आलो. नुसतं बघायला."

कविताबाईंची नजर नूतनकडं गेली. हातांना कोपरापर्यंत मेंदी, डोळे सुजलेले. त्यांनी कडी सोडली. "बसा. साठ वर्षं कुणी बघायलाही आलं नाही."

देवामागच्या पत्र्याच्या पेटीतून, प्लास्टिकच्या पिशवीतून ते पान निघालं. सुषमाबाईंनी वहीतल्या पट्टीला लावून बघितलं. कड कडेला बसली.

"घ्या बाबा," पांडुरंगभाऊ म्हणाले. "वाचा आता. बोट ठेवून."

 धुडकूबाबांचे हात उचलेनात. सुषमाबाईंनी पटकन पान आपल्याकडं घेतलं.

"कागद फार जुना आहे, घामाचा हात नको. मी धरते, बोट मी ठेवते. बाबा म्हणतील. पांडुरंगभाऊ, मला मोडी येते. एक नाव जरी चुकलं तरी मी तिथंच थांबवीन. चालेल?"

भाऊंना दोघांची साक्ष मिळतेय म्हटल्यावर ते कशाला नाही म्हणतील?

बाबांनी डोळे मिटले. "जांभखडी. ओढ्याअलीकडं. मूळपुरुष बागलाणातून आला, नाव राघो..." बाईंचं बोट ओळीवरून चाललं. नाव, मुलाचं नाव, त्याच्या मुलाचं नाव, बायका, कोणत्या गावच्या. बाईंनी एकदाही थांबवलं नाही. "...त्याचा तुळशा, बायको गोजर. चार लेकरं गेली. पाचवं उकिरड्यावर ठेवून उचललं. नाव उखा. त्याचा मुलगा सुरतेला गेला."

"ते आमचे!" योगेंद्र म्हणाला.

"ओढ्यापलीकडं. मूळपुरुष बऱ्हाणपुराकडून आला, नाव सखो..."

बोट पुढं सरकलं आणि मध्येच थांबलं. खालच्या ओळीला कसरीनं भोक पाडलं होतं. उखाचं नाव होतं. त्याच्या आईबापाचं खाल्लं गेलं होतं. नेमकं तेवढंच! खोटं बोलावं का? क्षणभर तसंही मनात आलं. पण रजिस्टरात एकतीस वर्षं त्यांनी खोटं लिहिलं नव्हतं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "इथं पान खाल्लेलं आहे. पुढली नावं कागदावर नाहीत."

"बघा!" पांडुरंगभाऊ मटकन खाली बसले. "आता काय करायचं? तुळशाचाच उखा ओढा ओलांडून पलीकडं राहायला आला नसेल कशावरून?"

धुडकूबाबांनी डोळे उघडले नाहीत. जणू कुणी बोललंच नाही, असे ते पुढं म्हणत राहिले. "...सखोच्या वंशात फकिरा, बायको ठमा. तीन लेकरं गेली. तिसरं सटवी पुजायच्या दिवशीच गेलं. चौथं झालं तेव्हा घरात धड कापड नव्हतं. मामा काळी घोंगडी घेऊन आला. त्या घोंगडीत गुंडाळून पोर उकिरड्यावर ठेवलं आणि आत्यानं उचललं. नाव उखा. मामा म्हणाला, घोंगडी टाकू नका, या घरचं पोर आधी हिच्यावर निजू द्या."

 पांडुरंगभाऊंनी गोपालकडं बघितलं, मग सुषमाबाईंकडं.

"तुम्ही सांगितलंत यांना?"

"मी कशाला सांगू?" बाई म्हणाल्या. "पण घोंगडी तुळशाच्या घरची असती, तर योगेंद्रच्याही घरी तिची गोष्ट असती. योगेंद्र, ऐकलीस कधी?"

"घरात कधीच नाही, बाई."

पांडुरंगभाऊ उठले आणि धुडकूबाबांच्या पायांवर डोकं ठेवलं. "आम्हाला ठाऊक नव्हतं का ठेवतात ते," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "साठ वर्षांचा झालो, ठाऊकच नव्हतं."

दोन उखा. दोघांच्याही आईबापांनी मृत्यूला फसवायला एकच नाव निवडलं होतं. परवा संध्याकाळी धुडकूबाबांनी ते सगळं वेगवेगळं, सविस्तर म्हणून दाखवलं होतं आणि घरभर माणसं नुसती नावाला अडकून बसली होती. बाईंना स्वतःचंही हसू आलं. मोबाइलमध्ये त्यांनीही ते ऐकलं होतं की! सगळं लक्ष होतं बोटाकडं.

बाहेर पांडुरंगभाऊ फोनवर आचाऱ्याला ओरडून सांगत होते, बट्ट्या पाचशे माणसांच्या, कमी नको. कविताबाईंनी पान पुन्हा पिशवीत घातलं, पण पेटीत ठेवलं नाही. धुडकूबाबांना म्हणाल्या, "दर वर्षी या. मला ऐकायचंय पुढलं."

नूतन पाण्याचा तांब्या घेऊन आली. कालपासून पहिल्यांदाच बाबांनी तिच्या हातचं पाणी घेतलं, घटाघटा प्यायले, मिशा पुसल्या.

"पोरी, तुझं नाव आता माझ्या पाठात आलं. मुलगा होईल, मुलगी होईल, त्यांचीही नावं घालीन. नाव काहीही ठेवा, फक्त उखा ठेवू नका."

"का, बाबा?" नूतन हसली. "पुन्हा गोंधळ होईल म्हणून?"

"ते नाही ग," म्हातारा म्हणाला. "उखा म्हटलं की मला आधी गेलेली लेकरं मोजावी लागतात."

नूतननं रिकामा तांब्या त्यांच्या हातातून घेतला आणि आणखी पाणी आणायला आत गेली.